आकार, जागा आणि पुढची वीस वर्षं

जगातलं पहिलं सिलिकॉनचं इम्प्लांट ज्या बाईच्या छातीत बसवलं गेलं, ती ते मागायला गेलीच नव्हती. १९६२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात सहा मुलांची ती आई छातीवरचं गोंदण काढून घ्यायला इस्पितळात गेली होती. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो हे तिथले शल्यविशारद त्या काळात सिलिकॉनच्या पिशवीवर प्रयोग करत होते. रक्ताची प्लास्टिकची पिशवी हातात दाबून पाहताना गेरो यांना ती कल्पना सुचली होती. स्तन मोठे करून घेण्याची तयारी आहे का, असं त्यांनी तिला विचारलं. तिला काळजी होती ती आपल्या पुढे आलेल्या कानांची. कानही नीट करून द्या, या बोलीवर ती कबूल झाली.

उपाय आधी तयार होता आणि त्याच्यासाठी बाई नंतर शोधली गेली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण आजही सल्ल्याच्या खोलीत पुष्कळदा तसंच घडतं. मुंबई-पुण्यापलीकडे नाशिक, कोल्हापूर, नागपूरलाही कॉस्मेटिक सर्जरीचे दवाखाने आहेत, शस्त्रक्रिया हप्त्यांवर करून मिळते, आणि तिथे येणाऱ्या अनेक बायकांचं मागणं एवढंच असतं: मुलं व्हायच्या आधी होतं तसं करून द्या. या मागण्यात दोन निरनिराळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात. छाती खाली आली ही एक, छाती रिकामी झाली ही दुसरी. लिफ्ट, म्हणजे छाती उचलून घेण्याची शस्त्रक्रिया, पहिलीवरचा उपाय आहे, इम्प्लांट दुसरीवरचा. तक्रार एक आणि उपाय दुसरा असं झालं, की पैसा जातो, टाके पडतात, दुखणं सोसावं लागतं आणि तरीही आरशासमोर समाधान होत नाही. बाळंतपणांनंतर किंवा बरंच वजन उतरल्यावर ज्या बायका हा प्रश्न घेऊन येतात, त्यांच्यापैकी बहुतेकींच्या बाबतीत आधी विचार लिफ्टचा व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. इम्प्लांटचा विचार त्यानंतर करावा, आणि तो करताना पुढच्या वीस वर्षांचा हिशेब समोर असावा.

स्तनाला आधार देणारा स्नायू स्तनात नसतो. दुधाच्या ग्रंथी, चरबी आणि त्यांना त्वचेशी व छातीच्या भिंतीशी बांधून ठेवणारे तंतू, अशी ती रचना आहे. सर ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने १८४० साली स्तनाच्या रचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. हे तंतू आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात. गरोदरपणात ग्रंथी वाढतात, त्वचा ताणली जाते, तंतू लांबतात. पुढे ग्रंथी आक्रसतात, पण ताणलेली त्वचा आणि लांबलेले तंतू जुन्या मापावर परत येत नाहीत. व्यायामाने छातीचा स्नायू बळकट होतो खरा, पण स्तन त्या स्नायूच्या वर असतो, त्यामुळे तो उचलला जात नाही. तेलं आणि मलमं यांबद्दल तर बोलायलाच नको.

इथे एका गैरसमजाबद्दल थांबून बोललं पाहिजे. बाळाला अंगावर पाजल्याने छाती ओघळते, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात ब्रायन रिंकर यांनी स्तनांच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या बायकांचा अभ्यास केला. वय, गरोदरपणांची संख्या, शरीराचं वजन, मुळातच मोठा आकार आणि धूम्रपान यांच्याशी ओघळण्याचा संबंध दिसला. अंगावर पाजण्याशी दिसला नाही. हे प्रत्येक प्रसूतिगृहात, प्रत्येक आशाताईने सांगावं अशी गोष्ट आहे. आपल्या शरीराच्या धास्तीने एखादी आई बाळाचं दूध लवकर तोडत असेल, तर त्यात दोघांचंही नुकसान आहे आणि त्या धास्तीला आधार काहीच नाही.

आता मोजमाप. १९७६ साली रेनो या शल्यविशारदाने ओघळण्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आणि त्या अजून वापरात आहेत. सरळ उभं राहायचं आणि स्तनाखालची घडी व स्तनाग्र यांची पातळी पाहायची. स्तनाग्र घडीच्या पातळीवर आलं असेल तर ओघळणं सौम्य. घडीच्या खाली गेलं असेल पण स्तनाच्या तळाशी पोचलं नसेल, तर मध्यम. अगदी तळाशी जाऊन जमिनीकडे रोखलं असेल, तर तीव्र. स्तनाग्र घडीच्या वर आहे, पण वरचा भाग सपाट आणि रिकामा झालाय, अशीही एक अवस्था असते. तिथे मूळ तक्रार भरीवपणाची असते आणि बेताच्या आकाराचं इम्प्लांट तिला पुरतं. घरच्या आरशात एवढं पाहून गेलेली बाई डॉक्टरांसमोर निम्मी तयारी करून बसलेली असते.

लिफ्टमध्ये जास्तीची त्वचा काढतात, आतल्या ऊतींना नवा आकार देतात आणि स्तनाग्र त्याच्या रक्तवाहिन्यांसह वर आणून बसवतात. छेद स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेने घेतात. जास्त उचलायचं असेल तर तिथून खाली उभी रेघ येते, आणि त्याहून जास्त लागलं तर स्तनाखालच्या घडीत आडवी रेघही पडते. म्हणजे जहाजाच्या नांगराच्या आकाराचा व्रण. लिफ्टने आकार वाढत नाही. त्वचा गेल्यामुळे छाती किंचित लहानच भासते. याउलट इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्या कवचात भरलेलं सिलिकॉन जेल किंवा मिठाचं पाणी. एका लहान छेदातून ते ग्रंथीच्या किंवा स्नायूच्या मागे सरकवतात. व्रण बोटाएवढा, घडीत लपलेला. पण इम्प्लांटने स्तनाग्र वर जात नाही. चांगल्यापैकी ओघळलेल्या स्तनामागे ते ठेवलं तर इम्प्लांट वर राहतं आणि मूळचा स्तन त्याच्यावरून खाली लोंबतो, एकाखाली एक असे दोन उंचवटे दिसू लागतात. हे झाकायला अधिक मोठं इम्प्लांट घातलं, तर तीनशे मिलिलिटरच्या पिशवीचं सुमारे तीनशे ग्रॅम वजन त्याच सैल त्वचेला येणाऱ्या काळात आणखी खाली ओढतं. ज्या कारणाने तक्रार सुरू झाली, त्या कारणातच भर.

मग ही चूक होते कशी? डॉक्टरांच्या बाजूने पाहिलं तर इम्प्लांटची शस्त्रक्रिया सुटसुटीत आहे, वेळ कमी लागतो आणि फरक टेबलावरच दिसतो. लिफ्टमध्ये मोजमाप, रेखाटन, दोन्ही बाजू सारख्या आणणं, रक्तपुरवठा जपणं, सगळंच नाजूक काम. पण माझ्या मते खरं कारण बायकांच्या बाजूला आहे, आणि त्याबद्दल आपण बोलत नाही. ते कारण म्हणजे गुपित. आपल्याकडे हे ऑपरेशन करून घेणारी बाई बहुधा ते सासूपासून, जावांपासून, बहिणींपासून, कधी वाढत्या मुलीपासूनही लपवते. व्रण दिसला तर जाब द्यावा लागेल. लहान व्रणाचं इम्प्लांट तिला म्हणूनच सोयीचं वाटतं. तिच्या शरीराला काय हवं, हे बाजूला पडतं आणि घरात काय लपेल, यावर शस्त्रक्रिया ठरते. आणि याच गुपिताची किंमत पुढे इम्प्लांटच्याच बाबतीत सगळ्यात जड पडते.

कारण इम्प्लांट एकदा बसवून विसरून जाण्याची वस्तू नाही. ते जन्मभर टिकणारं उपकरण नव्हे, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन स्वच्छ सांगतं. आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या बायकांपैकी पाचातल्या एकीला दहा वर्षांच्या आत ते काढावं लागतं, असं या प्रशासनाने २०११ मध्ये नमूद केलं. शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती आवरण तयार करतं. काहींच्या बाबतीत ते आवरण आवळत जातं, स्तन कडक होतो, दुखतो, आकार बिघडतो. कवच फाटतं. मिठाच्या पाण्याची पिशवी फुटली तर छाती बसते आणि लगेच कळतं. सिलिकॉन फुटलं तर वर्षानुवर्षं कळत नाही. म्हणून सिलिकॉन घेतल्यानंतर पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करत राहावी, असा सल्ला २०२० पासून दिला जातो. घरापासून लपवलेल्या शस्त्रक्रियेसाठी सहाव्या वर्षी एमआरआयला जायचं कसं? कोणाला काय सांगून? बाई तपासणी टाळते, आणि तिला काही होत नाही तोवर सगळं ठीक आहे असं धरून चालते.

हा उगाच घातलेला बागुलबुवा नव्हे, त्यामागे इतिहास आहे. अमेरिकेत १९९२ साली सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर बंधनं आली. ती उठून सर्वसाधारण वापराला परवानगी मिळायला २००६ उजाडलं. मधल्या काळात, १९९९ मध्ये, तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने पुरावा तपासून सांगितलं, की संधिवातासारख्या आजारांशी इम्प्लांटचा संबंध सिद्ध होत नाही. हेही सांगितलंच पाहिजे, कारण भीती पुराव्याच्या पुढे धावू नये. पण पुढे फ्रान्समधल्या पीआयपी या कंपनीचं प्रकरण आलं. या कंपनीने वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरलेली इम्प्लांट अनेक देशांत विकली. २०१० मध्ये ती बंद पडली, तिचा संस्थापक जाँ-क्लोद मास याला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, आणि जगभरातल्या लाखो बायका आपल्या शरीरात नक्की काय आहे याचा शोध घेत बसल्या. त्यानंतर खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणारा एक दुर्मीळ लिम्फोमा पुढे आला. २०१९ साली फ्रान्सने अशा खरखरीत इम्प्लांटवर बंदी घातली आणि ॲलर्गन कंपनीला आपली खरखरीत इम्प्लांट जगभरातून परत बोलवावी लागली. हा कर्करोग क्वचित होतो, वेळेत कळला तर इम्प्लांट आणि आवरण काढून बहुतेकींचा बरा होतो. पण वेळेत कळायला ती बाई तपासणीला यावी लागते. २०२१ मध्ये अमेरिकेने इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर सगळ्यात कडक स्वरूपाचा इशारा छापणं आणि प्रत्येक बाईकडून मुद्देसूद यादी वाचून सही घेणं बंधनकारक केलं. थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा अशा तक्रारी सांगणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या आजाराची एकच एक चाचणी नाही, तरी इम्प्लांट काढल्यावर बरं वाटल्याचं त्यांच्यातल्या पुष्कळजणी सांगतात. त्यांचं म्हणणं उडवून लावायचा अधिकार कोणालाही नाही.

या पार्श्वभूमीवर स्वतःच्याच ऊतींनी दुरुस्ती करण्याचं मोल कळतं. आणि त्याची एक जुनी खूण पुण्यात आहे. म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या माणसांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाला पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने कपाळाच्या कातडीतून नवं नाक करून दिलं. १७९४ साली त्याचं वर्णन लंडनच्या नियतकालिकात छापून आलं, आणि ते वाचून युरोपातले शल्यविशारद कामाला लागले. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या मुळाशी ही गोष्ट आहे. शरीराचं शरीराला जोडलं की ते शरीरासारखंच म्हातारं होतं, वजनाबरोबर कमी-जास्त होतं, त्याला कंपनीची मुदत नसते. लिफ्ट त्याच परंपरेतली. शक्य असेल तिथे कुशल सर्जन खालची ऊती काढून न टाकता वर वळवतात, म्हणजे वरचा रिकामा भागही थोडा भरतो.

पण लिफ्टची बाजू घेताना तिचे दोष मी झाकणार नाही. आपल्या सावळ्या त्वचेवर व्रण जाड, उंच किंवा काळपट होण्याचा संभव गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असतो. कान टोचल्याच्या किंवा सिझेरियनच्या जागी ज्यांना गाठाळ व्रण आला आहे, त्यांनी ते पहिल्याच भेटीत सांगायला हवं. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. पुढे अंगावर पाजता येईलच याची हमी देता येत नाही, म्हणून मुलं झाल्यावर आणि वजन स्थिर झाल्यावरच ही शस्त्रक्रिया करावी. आणि लिफ्टने काळ थांबत नाही. त्वचा पुन्हा सैल होणारच, फक्त सुरुवात वरच्या जागेवरून होते. आणखी एक गोष्ट खास आपल्याकडची. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि लिफ्टमध्ये त्वचा व स्तनाग्र मरण्याचा धोका वाढतो. तुम्ही सिगारेट ओढता का, असं डॉक्टर विचारतात आणि बाई खरोखरच नाही म्हणते, कारण सकाळी मशेरी लावणं तिच्या लेखी तंबाखूत मोडतच नाही. मशेरी, तपकीर, गुटखा ही नावं घेऊन विचारलं पाहिजे. आणि विचारलं गेलं नाही तरी बाईने आपणहून सांगितलं पाहिजे.

दोन्ही शस्त्रक्रिया एकत्रही करतात. ओघळलेली आणि रिकामी, दोन्ही तक्रारी तीव्र असतील तर ते रास्त आहे. मात्र यात एक शस्त्रक्रिया त्वचा आवळते आणि दुसरी तिला आतून ताणते, त्यामुळे टाके सुटणं, विषमता, पुन्हा ऑपरेशन करावं लागणं यांचं प्रमाण वाढतं. मला विचाराल तर आधी लिफ्ट करावी, निदान काही महिने थांबावं, आणि मग भरीवपणा खरोखरच कमी वाटतो का ते पाहावं. माझ्या अंदाजाने अनेकींना दुसरी पायरी चढायची गरजच वाटणार नाही. ज्यांना थोडंसंच हवं असेल त्यांच्यासाठी पोटामांडीची चरबी काढून तिथे भरण्याचा मार्गही आहे.

इम्प्लांट जिथे योग्य आहे तिथे ते योग्यच आहे. मुळातच छाती फार लहान असलेली, दोन्ही बाजूंत मोठा फरक असलेली तरुण मुलगी, किंवा कर्करोगाने स्तन गमावलेली बाई. तिला लिफ्ट काय देणार? तिच्यासाठी इम्प्लांट हा विचारपूर्वक केलेला करार असू शकतो, फक्त त्यातल्या अटी तिला माहीत हव्यात. पुढे मॅमोग्राफी करताना इम्प्लांटमुळे काही ऊती झाकल्या जातात, त्यामुळे ते मागे सारून वेगळी चित्रं घ्यावी लागतात आणि तंत्रज्ञाला आधी सांगावं लागतं, ही त्यातलीच एक अट. भारतातल्या बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग सगळ्यात जास्त आढळतो, तेव्हा ही अट किरकोळ नव्हे.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो: मुळात हवंय कशाला हे? मुलं झाली, संसार झाला, आता छाती कशी दिसते याची काय पडलीये? हा आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. पुरुषाने टकलावर केस लावून घेतले तर त्याला कोणी संसाराची आठवण करून देत नाही. आपल्या शरीरात आपल्याला बरं वाटावं ही इच्छा सभ्य आहे. फार जड आणि ओघळलेल्या स्तनाखाली उन्हाळ्यात घामाने त्वचा सोलवटते, पुरळ येतं, पट्ट्यांनी खांद्यांवर वळ पडतात. हे दुखणं बाई वर्षानुवर्षं मुकाट्याने सहन करते. पण इच्छेचा आदर करायचा तर ती कोणाची आहे हेही पाहायला हवं. नवऱ्याला मोठा आकार हवा म्हणून, किंवा मोडकळीला आलेला संसार सावरेल म्हणून केलेल्या शस्त्रक्रियेला मी विरोध करेन. आणि काहीच न करणं, चांगल्या मापाची ब्रा घेऊन घरी जाणं, हा तिसरा पर्याय प्रत्येक सल्ल्यात उच्चारला गेलाच पाहिजे. जो डॉक्टर तो उच्चारत नाही, त्याच्याकडून दुसऱ्या भेटीची तारीख घेऊ नये.

सरकारचं यात काय काम, तेही सांगते. २०१८ साली तमिळनाडू सरकारने चेन्नईच्या स्टॅन्ली इस्पितळात स्तनांच्या सौंदर्यशस्त्रक्रिया मोफत सुरू केल्या. श्रीमंताला मिळतं ते गरिबालाही मिळावं, ही त्यामागची भूमिका मला पटते. पण मोफत इम्प्लांट मिळालेल्या बाईची दहाव्या वर्षीची शस्त्रक्रिया कोण करणार, याचं उत्तर त्याच दिवशी तयार हवं. आपल्याकडे आरोग्यविमा सौंदर्यशस्त्रक्रियेला पैसे देत नाही आणि आरोग्यसेवेला जीएसटीतून असलेली सूटही तिला नाही. अपघात, जन्मजात दोष अशा कारणांसाठी असेल तरच ती मिळते. म्हणजे काढण्याचा, बदलण्याचा, एमआरआयचा खर्च बाईच्या स्वतःच्या खिशातून. लिफ्ट आणि इम्प्लांट यांच्या दरपत्रकांची तुलना करताना हा पुढचा खर्च इम्प्लांटच्या बाजूला मांडल्याशिवाय ती तुलना खोटी आहे.

ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, ब्रिटन इथे इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही आहे. कोणत्या बाईला, कोणत्या दिवशी, कोणत्या कंपनीचं, कोणत्या क्रमांकाचं इम्प्लांट बसवलं, हे तिथे सापडतं. आपल्याकडे २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, पण तक्रार आल्यावर होणारी नोंद आणि बसवतानाच होणारी नोंद यांत फार अंतर आहे. परत बोलावलेलं इम्प्लांट आपल्या छातीत आहे हे बाईला वर्तमानपत्रातून कळावं लागू नये. तशी नोंदवही होईपर्यंत इम्प्लांट घेणाऱ्या प्रत्येकीने कंपनीचं नाव, प्रकार, माप आणि क्रमांक असलेलं कार्ड शस्त्रक्रियेच्या दिवशीच मागून घ्यावं, त्याचा फोटो काढून ठेवावा, आणि घरातल्या निदान एका माणसाला ते कुठे आहे ते सांगून ठेवावं. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी आहेत का, हे विचारायला लाजू नये. आणि लिफ्ट ठरली असेल तर डॉक्टरांनी केलेल्या शस्त्रक्रियांचे एक वर्षानंतरचे, आपल्यासारख्या त्वचेवरचे व्रण दाखवायला सांगावेत.